गुलाबबाईची उंची

"आपले वजन उंचीच्या मानाने जास्त आहे. कृपया आहार कमी करा," उंबरा गोड आवाजात म्हणाला.

काठीवर ओणवी झालेली गुलाबबाई लादीवर उभी होती. आवाज डोक्यावरून आला म्हणून तिने मान वर करायला पाहिले, पण मान वर होईना. मग पायाखालच्या लादीकडे बघूनच ती म्हणाली, "तुज्या आयसला सांग."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया खिदळल्या. प्रणिता हसली नाही. ती खारशेतच्या आरोग्य उपकेंद्राची सेविका होती आणि गुलाबबाई तिची आई. सगळ्या गावाला ती जेवणाचे शहाणपण सांगे, आणि तिच्याच घरातल्या म्हातारीच्या नावापुढे दर महिन्याला लाल खूण उमटे. तिने आईच्या काखेत हात घालून तिला लादीवरून खाली घेतले. उजवा पाय टेकताना गुलाबबाईच्या घशातून हुंकारासारखा आवाज निघाला.

गुलाबबाईच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजून गेला होता. हाडावर हाड घासत होते. सांधा बदलायचा तर जिल्ह्याच्या दवाखान्यात तो सरकारी योजनेतून फुकट बदलून मिळणार होता. अट एकच होती, शरीराचा अंक तिसाच्या आत हवा. जड शरीराखाली नवा सांधा लवकर झिजतो, असे योजनेचे म्हणणे. गुलाबबाईचा अंक तिसाच्या जरासा वर येऊन अडून बसला होता. तिला काही डोंगर चढायचा नव्हता. मोरीपर्यंत एकटीने जाता यावे, पोरीने बसवायला आणि उठवायला येऊ नये, एवढेच तिला हवे होते.

"आये, तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली," घरी जाताना प्रणिता म्हणाली. "चार घास कमी खाल्लेस तर मरशील काय?"

"खाऊन कोन मेलाय ते दाखव."

"सगळी बाजारपेठ मेलीय. साखर वाढून मेलीय."

"मी मीठवाली. मना साखरेचं काय सांगतीस," गुलाबबाई म्हणाली आणि काठी आपटत पुढे निघाली.

शरीराचा अंक काढणे अवघड नाही. माणसाचे वजन किलोत घ्यायचे. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणायचे. मग त्या गुणाकाराने वजनाला भागायचे. युरोपातल्या एका हिशेबी माणसाने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी हा भागाकार मांडला. त्याला कोणाचे दुखणे पाहायचे नव्हते. हजारो माणसांचा मेळ घातला तर सरासरी माणूस कसा निघतो, एवढेच त्याला पाहायचे होते. पुढे विम्याच्या कंपन्यांना, मग डॉक्टरांना, मग सरकारांना हा भागाकार आवडला, कारण तो स्वस्त होता. गर्दीच्या मापाने शिवलेला सदरा एकेकाच्या अंगावर चढवायला सुरुवात झाली. ज्याला बसला नाही त्याचे अंग चुकीचे ठरले.

या अंकाला चरबी दिसत नाही, हाड दिसत नाही, ओझी उचलून कमावलेले दंड दिसत नाहीत. काटकुळे हातपाय आणि आतून चरबीने भरलेले पोट घेऊन फिरणारा माणूस त्याच्यासमोरून पास होऊन जातो, आणि त्याच्या रक्तातली साखर गुपचूप वाढत राहते. शास्त्रज्ञ हे वर्षानुवर्षे सांगत आले होते. अंकाकडे एक खूण म्हणून बघा, त्याला निकाल समजू नका, असे ते म्हणत. मग उंबरा आला आणि त्यांचे ऐकायचे कारणच उरले नाही.

उंबरा म्हणजे दाराची एक चौकट. तिच्या खालच्या लादीत वजन ओळखणारे चकत्यांसारखे तुकडे बसवलेले, आणि वरच्या आडव्या पट्टीतून न दिसणारे किरण खाली सुटत. ते डोक्याला लागून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून उंची कळे. माणसाने लादीवर क्षणभर थांबायचे, की चेहरा ओळखला जाई, अंक निघे आणि पुढे जायचे. सुडौल नावाच्या सरकारी योजनेत असे उंबरे गावोगाव बसले. रेशनच्या धान्यात तेल किती आणि डाळ किती ते त्यावर ठरू लागले. कोणाची शस्त्रक्रिया आधी, कोणाची नंतर, तेही त्यावरच. लोक गोंधळू नयेत म्हणून वजन वेगळे आणि उंची वेगळी दाखवायची नाही, नुसता अंक दाखवायचा, असे वरून ठरले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठा फलक होता, त्यावर गावांची नावे अंकाच्या क्रमाने लागत. सगळ्यात वरच्या गावाला सुडौल गाव म्हणून मान मिळे.

उंबरा नव्हता तेव्हा प्रणिता माणसाला भिंतीला टेकवून टेपने उंची घेत असे. कोणी पोक काढून उभे राहिले, कोणाला सरळ होता आले नाही, तर तसे लिहून ठेवत असे. उंबरा आल्यावर तिचे हे काम गेले, आणि त्याबरोबर बघायची सवयही गेली.

त्या दिवसापासून प्रणिताने आईच्या ताटावर पहारा बसवला. उंबऱ्याने फोनवर आहाराचा तक्ता पाठवला होता. त्यात भात नव्हता. तांदळाची भाकरी अर्धी होती. नारळ बंद, गूळ बंद, आणि मीठ असते म्हणून सुकी मासळी बंद. सकाळी काकडी, संध्याकाळी दुधीचे पाणी. प्रणिताने जवळ्याचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा, डबा आणि गुळाची ढेप उचलून मागच्या खोलीतल्या शिंक्यात ठेवली.

शिंके गुलाबबाईनेच बांधलेले होते, प्रणिता लहान असताना. तेव्हा गुलाबबाई खारशेतातली उंच बाई म्हणून ओळखली जायची. मिठागरातून भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून ती चालायला लागली की लांबून कळे, ती बघा गुलाब आली. मुलांचा हात पोचणार नाही आणि आपला सहज पोचेल, अशा उंचीवर तिने ते शिंके आढ्याला टांगले होते.

"जवळा खाल्ला नाय तर माज्या तोंडाला चव कुठून यायची?" गुलाबबाईने विचारले.

"चव नको. खुबा हवाय ना? मग गप खा काकडी."

"काकडी खाऊन बकरी लंगडायची थांबली का?"

शेजारची धर्माकाकू दारात बसून हे ऐकत होती. ती गुलाबबाईबरोबर मिठागरात राबलेली, तिच्याच वयाची. "प्रणिते," ती म्हणाली, "तुझ्या आयने उभ्या जन्मात ताट पुसून खाल्लंय. तिला जाडी म्हणायला त्या चौकटीला लाज वाटत नाय, तुला तरी वाटू दे."

"काकू, पोट बघ तिचं. कसं पुढं आलंय."

पोट पुढे आले होते हे खरेच.

पुढच्या महिन्यात प्रणिता आईला उंबऱ्यावर घेऊन गेली. अंक हलला नाही. त्यापुढच्या महिन्यात तो उलट केसभर वर सरकला होता. "आपले वजन उंचीच्या मानाने जास्त आहे," उंबरा म्हणाला. तालुक्याहून फोनवर संदेश आला, की सेविकेच्या स्वतःच्या घरात योजना पाळली जात नाही, याचा खुलासा करावा.

प्रणिताच्या डोक्यात रागाची तिडीक गेली. ती आईला जवळजवळ ओढतच घरी घेऊन आली आणि मागच्या खोलीत शिंक्याखाली उभी केली.

"चोरून खातीस ना? मी केंद्रावर गेले की डबा काढतीस ना?"

"नाय."

"खोटं बोलू नको. माझ्याकडून तेवढंसंच ताट आणि वजन मात्र वाढतंय? हवा खाऊन वाढतंय काय?"

गुलाबबाईने काठी भिंतीला टेकवली. डावा हात खांबाला धरला आणि उजवा हात वर केला. जेवढा वर जाईल तेवढा वर केला, बोटेही ताणली. तरी त्या बोटांच्या आणि शिंक्याच्या मध्ये चांगली हातभर मोकळी जागा राहिली.

"घे," ती म्हणाली. "काढला डबा."

प्रणिता त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. हे शिंके याच बाईने, याच हाताने, पाटावर न चढता बांधले होते. मग तिने आईचा वर गेलेला दंड धरला. दंडाला मांसच नव्हते. चोळीची बाही त्याच्याभोवती रिकामी लोंबत होती. तिने पदर बाजूला करून आईच्या पाठीवर हात फिरवला. मणके एकमेकांवर दबून बसले होते आणि मधोमध पाठीचा उंचवटा झाला होता. बरगड्या खाली येऊन कमरेच्या हाडाला टेकल्या होत्या. आतल्या आतड्याला जागा राहिली नव्हती, म्हणून ते पुढे ढकलले गेले होते. ज्याला ती पोट सुटणे म्हणत होती ते पोट नव्हतेच.

मणका आतून जाळीदार असतो. वय झाले की जाळी विरळ होते, आणि डोक्यावर ओझी वाहिलेल्या मानेची आणि पाठीची आधीच चाळण झालेली असते. अशा हाडाला दूध, मासळी, डाळ मिळाली नाही तर ते आपल्याच भाराखाली चेपते. मणका चेपला की माणूस बुटका होतो. आणि भागाकारात उंची स्वतःलाच गुणलेली असते. ती दहाव्या भागाने कमी झाली तर खालचा आकडा जवळजवळ पाचव्या भागाने घटतो. म्हणजे गुलाबबाई जेवढी उपाशी राहिली तेवढी तिची हाडे चेपली, जेवढी हाडे चेपली तेवढी ती वाकली, आणि जेवढी वाकली तेवढी उंबऱ्याच्या नजरेत ती जाडच राहिली. तिच्या तोंडचा जवळा काढून घेणाऱ्या यंत्राने त्याच उपासाची शिक्षा म्हणून तिला आणखी उपास सांगितला होता. आणि पहाऱ्याला पोटची पोर बसवली होती.

प्रणिता खाली बसली. रडावे असे तिला वाटले नाही. काहीतरी फोडावे असे वाटत होते.

तिला शिकताना वाचलेले एक वाक्य आठवले. म्हातारपणी पाठ वाकते, पण हातांची हाडे आखूड होत नाहीत. दोन्ही हात बाजूला पसरले की एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंतचे अंतर माणसाच्या तरुणपणच्या उंचीएवढे भरते. गावातले लोक त्यालाच एक वाव म्हणत आणि दोरी त्याने मोजत. तिने काथ्याची दोरी आणली, आईला खाटेवर उताणी निजवली आणि तिची वाव घेतली. मग केंद्रातला जुना वजनकाटा आणून तिला त्यावर उभी केली आणि कागदावर भागाकार केला. तिने तो दुसऱ्यांदा केला. नंतर ताट मांडले, भात वाढला आणि जवळ्याचा डबा खाली काढला.

गुलाबबाईने ताट बाजूला सारले. "मना खुबा हवाय," ती म्हणाली. "ती चौकट हो म्हनेपर्यंत मी खानार नाय. आता तू मना भुलवू नको."

ज्या हट्टाला प्रणितानेच दोन महिने खतपाणी घातले होते तो आता तिच्यासमोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला डॉक्टर पिंगळ्यांपुढे जाऊन बसली. पिंगळे योजनेचे तालुक्याचे अधिकारी होते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले, भागाकार पाहिला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

प्रणिताला वाटले आता काम झाले. "मग सर, तिची उंची बदलून द्या."

"ती कशी बदलणार? उंची उंबऱ्यातूनच येते. वावेसाठी त्यात कप्पाच नाही."

"मग हाताने लिहा."

"हाताने लिहायचं बंद व्हावं म्हणून तर उंबरे आणले, बाई. ओळखीपाळखीने लोक आकडे बदलून घ्यायचे. तुम्हाला काय ते माहीत नाही?"

"सर, तुम्हाला पटलंय ना ती जाड नाही?"

"मला पटून काय होतंय?"

"ती उपाशी मरतीय."

पिंगळ्यांनी डोळे चोळले. माणूस दुष्ट नव्हता, हेच जास्त संतापजनक होते. "तुम्ही वर अर्ज करा," ते म्हणाले. "अपवाद म्हणून विचार होईल."

"अर्जाला काय लागतं?"

"उंबऱ्याचा अंक तिसाच्या आत."

प्रणिता उठली. दारात वळून म्हणाली, "सर, तुमच्या आई कशा आहेत?"

"का?"

"सरळ चालतात का, एवढंच विचारलं." आणि ती निघून आली.

महिन्याच्या मोजणीच्या दिवशी सकाळी केंद्रापुढे नेहमीसारखी बायांची रांग लागली. प्रणिताने उंबरा सुरू केला नाही. ती पायरीवर उभी राहिली आणि आईचे काय झाले ते तिने सांगितले. स्वतः काय केले तेही गाळले नाही. शेवटी म्हणाली, "उंबऱ्याला डोक्याचा माथा कळतो. माणूस कळत नाही. वाकलं की तुम्ही जाड."

रांगेत कुजबुज झाली. मिठागरात राबलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठींकडे बघू लागल्या. त्यांच्याही नावापुढे लाल खुणा होत्या, त्यांचेही तेल तोडले होते.

"वाकलं की जाड?" धर्माकाकूने विचारले. "कोनीपण?"

"कोणीपण."

"सुरू कर तुझी चौकट."

धर्माकाकूने पदर खोचला, गौरीच्या फेरात वाकतात तशी कमरेत वाकली आणि लादीवर जाऊन उभी राहिली. "आपले वजन उंचीच्या मानाने फार जास्त आहे," उंबरा म्हणाला. तिच्या मागून तिची सून वाकून गेली. सुनेच्या मागून शाळेत खोखो खेळवणाऱ्या, वेताच्या छडीसारख्या अंगाच्या बाई गेल्या. त्यांनाही उंबऱ्याने आहार कमी करायला सांगितले. मग हसू आवरेना. कोणीतरी गौरीचे गाणे धरले. बाया टाळ्या देत, वाकत, एकीमागे एक चौकटीतून जात राहिल्या. बांधावरून बापये आले, तेही वाकले. लाल खुणांनी उंबऱ्याचा पडदा भरून गेला. हसता हसता धर्माकाकूचे डोळे वाहू लागले आणि मग ती हसत नव्हती. "मीठ वाहिलं ते आमीच," ती म्हणत होती. "आन् जाड पन आमीच."

संध्याकाळी जिल्ह्याच्या फलकावर खारशेत सगळ्यात खाली गेले होते. सगळ्या जिल्ह्यातले सगळ्यात लठ्ठ गाव.

दुसऱ्या सकाळी योजनेची गाडी धूळ उडवत आली. गुलाबबाईसाठी तीन महिन्यांत कोणी आले नव्हते. यंत्र आजारी पडल्याचा संशय आला तर रात्र उलटताच माणूस हजर झाला. शकील नावाचा तो तंत्रज्ञ होता, पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला. त्याने आपली ठरावीक लांबीची धातूची काठी चौकटीत उभी केली, वजनाचे ठोकळे ठेवले.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीकच आहे," प्रणिता म्हणाली. "दुखणं तेच आहे."

शकीलने तिच्याकडे पाहिले. "आता एक माणूस लागेल. त्याची खरी उंची मी हाताने घालतो आणि वजन उंबरा घेतो. शेवटची तपासणी असते."

"हाताने घालता येते?"

"तपासणीत येते."

"आणि ती नोंद राहते?"

"नोंद झाली म्हणजे राहणारच की."

प्रणिता पळतच घरी गेली. धर्माकाकू आणि तिने गुलाबबाईला खुर्चीतून उचलून आणले आणि लादीवर उभी केली. शकीलने त्या वाकलेल्या म्हातारीकडे पाहिले, मग वरच्या पट्टीकडे. "अहो, हिची खरी उंची कुठली धरायची?"

"तुमच्याच टेपने वाव मोजा, तीच तिची खरी उंची," प्रणिता म्हणाली. "आये, हात पसर."

दोघींनी एकेक हात धरून हळूहळू बाजूला नेला. खांदे कुरकुरले, गुलाबबाईने ओठ दाबले. हात पसरले गेले तशी त्या आखूड झालेल्या बाईतून एक लांबरुंद बाई बाहेर आली. तिची बोटे चौकटीच्या पुढून दोन्हीकडे पलीकडे निघाली. शकीलने टेप धरली, आकडा वाचला, पुन्हा वाचला. नोकरीची काळजी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्याने जमलेल्या बायांकडे बघितले. मग बटणे दाबली आणि हात सोडायला सांगितले.

उंबऱ्याच्या पडद्यावर नवा अंक उमटला.

"आपले वजन उंचीच्या मानाने कमी आहे," तो त्याच गोड आवाजात म्हणाला. "आपली प्रकृती शस्त्रक्रियेसाठी अशक्त आहे. कृपया पुरेसे जेवा."

कोणीही हसले नाही. धर्माकाकूने पायातली चप्पल काढली आणि चौकटीवर भिरकावली. ती लादीवर पडली. उंबऱ्याला चेहरा सापडला नाही, म्हणून तो काही बोलला नाही. शकीलने ती चप्पल उचलून तिच्या पायाशी आणून ठेवली.

"काय म्हनाला?" गुलाबबाईने विचारले. तिला नीट ऐकू आले नव्हते.

"जेव म्हणाला," प्रणिता म्हणाली. "जेवलीस तर खुबा मिळेल."

गुलाबबाईने प्रणिताचा दंड धरला. "त्याला तीन महिने लागले व्हय?" ती म्हणाली. "ने मना घरी."

घरी प्रणिताने भात टाकला. मागच्या खोलीत पाटावर चढून तिने शिंक्याची गाठ सोडली, दोरीला नवी दोरी जोडली आणि शिंके खाली, आईच्या आताच्या हाताला लागेल एवढे खाली आणून बांधले. गुलाबबाई जेवली नाही तेव्हा परत आत ठेवलेला डबा तिने काढला नाही. गुलाबबाईने खांब धरून स्वतःच हात घातला आणि काढला.

जवळा परतायला लागला तसा घरभर वास सुटला. गुलाबबाई ताटावर बसली, पहिला घास घेऊन थांबली आणि चावत राहिली. प्रणिता चमचा हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

"मीठ घाल," गुलाबबाई म्हणाली. "मोजू नको."